पेजमेकरच्या फाईलमधलं मराठी

(दृश्य : नवा लॅपटॉप. पडद्यावर जुन्या फाईलमधला मजकूर.)

पडद्यावर दिसतायत रोमन अक्षरं, डॉलरची खूण, उलटसुलट कंस. हा मजकूर मराठी आहे. फाईल बिघडलेली नाही, तिच्यातलं एक अक्षरही हरवलेलं नाही. ती ज्या संगणकावर तयार झाली तो संगणक, त्यावरचा फाँट आणि पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर, हे तिन्ही मागे राहिलेत.

१९९० च्या दशकात आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं मराठी पानं पेजमेकरमध्येच लागली. दिवाळी अंक, कवितासंग्रह, पतसंस्थांचे अहवाल, गावच्या जत्रेची स्मरणिका. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास असो की तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोर, डीटीपीचं दुकान म्हटलं की पेजमेकर आणि त्याच्या जोडीला मराठी फाँट आणि टायपिंगसाठी श्रीलिपी, आयएसएम किंवा आकृती असायचंच. पुस्तकाची छापील प्रत आज कुठे ना कुठे सापडते. नवी आवृत्ती काढायची, ई-बुक करायचं किंवा मजकुरात शोध घ्यायचा, तर मात्र मूळ फाईल लागते. आणि ती फाईल उघडायला जुनं सॉफ्टवेअर लागतं.

(दृश्य : पेजमेकरची जुनी सीडी. फाँटची यादी.)

पेजमेकर १९८५ साली आल्डस कंपनीने अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश (मॅक) संगणकासाठी आणलं. १९९४ मध्ये अडोबीने आल्डस विकत घेतली. २००१ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि तीच शेवटची ठरली. तोवर पानं लावायचं अडोबीचं नवं सॉफ्टवेअर, इनडिझाईन, बाजारात आलेलं होतं. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. पेजमेकरला ते कधीच कळलं नाही. त्याच्या लेखी एका फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ खुणा. देवनागरीची जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, रफार हे सगळं त्या २५६ घरांत बसवावं लागे. पुण्याच्या सी-डॅकने आपल्या फाँटसाठी एक मांडणी ठरवली, मॉड्युलर इन्फोटेकने श्रीलिपीसाठी वेगळी. त्यामुळे सी-डॅकच्या 'सुरेख' किंवा 'योगेश'मध्ये लिहिलेला परिच्छेद श्रीलिपीच्या फाँटमध्ये टाकला की वाचता येत नाही.

आता हे सगळं नव्या विंडोजवर चालवायचं. इथे लोकांची पहिली समजूत अशी असते, की जुना प्रोग्राम म्हणजे चालणारच नाही. तसं नाही. प्रोग्रामच्या बिटचा आकडा म्हणजे त्याची पिढी: १६ जुनी, मग ३२, मग ६४. पेजमेकर ७ हा ३२ बिटचा प्रोग्राम आहे, आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचे प्रोग्राम चालवण्याची सोय आजही आहे. अडतं ते आजूबाजूच्या गोष्टींपाशी.

पहिली अडचण प्रोग्राम बसवण्याची. त्या काळच्या अनेक प्रोग्रामांचा इन्स्टॉलर १६ बिटचा होता, आणि ६४ बिटचं विंडोज १६ बिटचं काही चालवत नाही. म्हणजे प्रोग्राम चालू शकतो, पण तो बसवणारा इन्स्टॉलर चालत नाही. त्याच्याही मागचे, विंडोजच्या आधीच्या डॉसचे प्रोग्राम तर थेट नाहीच चालत, कारण प्रोसेसर ६४ बिटच्या पद्धतीत असताना डॉसला लागणारी ८०८६ या जुन्या प्रोसेसरची पद्धत त्याला वापरता येत नाही. त्यासाठी डॉसबॉक्स हा प्रोग्राम आहे. तो सगळा जुना संगणकच सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. ३२ बिटच्या विंडोजवर हे जुने प्रोग्राम चालत, पण विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये मिळतच नाही.

दुसरी अडचण डोंगलची. मराठी सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून कंपन्या प्रिंटरच्या पोर्टला, पुढे यूएसबीला लावायचा डोंगल, म्हणजे एक छोटी किल्ली, द्यायच्या. त्या डोंगलची विंडोजला ओळख करून देणारा ड्रायव्हर ३२ बिटचा. प्रोग्राम ३२ बिटचा असला तर विंडोज सांभाळून घेतं, ड्रायव्हरच्या बाबतीत तसं होत नाही. डोंगल ओळखला गेला नाही की टायपिंग बंद. शिवाय प्रिंटरचा तो रुंद पोर्ट आज लॅपटॉपवर नसतोच.

तिसरी गोष्ट भल्याभल्यांना चकवते. जुने प्रोग्राम आपली सेटिंग्ज स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायचे. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज तिथे लिहू देत नाही. ते गुपचूप वापरकर्त्याच्या नावाखाली 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाचं फोल्डर करून तिकडे लिहितं. मग संगणकावर दुसऱ्याच्या नावाने लॉग इन केलं की ऑपरेटरने जपून तयार केलेल्या सेटिंग्ज 'गायब' होतात. त्या गेलेल्या नसतात. तिथे जाऊन बघा.

(दृश्य : विंडोज ११ च्या पडद्यावर एक खिडकी, त्या खिडकीत विंडोज एक्सपी.)

आमच्या मते या सगळ्यावरचा सगळ्यात भरवशाचा मार्ग व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेल्या दुसऱ्या संगणकाचा. व्हर्च्युअलबॉक्ससारखा मोफत प्रोग्राम घ्यायचा, त्यात विंडोज एक्सपी बसवायचं आणि एक्सपीमध्ये पेजमेकर, फाँट, कीबोर्डचा प्रोग्राम. यूएसबी डोंगल बाहेरच्या विंडोजकडून काढून थेट आतल्या एक्सपीकडे सोपवता येतो. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं, म्हणून या आतल्या संगणकाचं इंटरनेट बंदच ठेवायचं. फाईलींची ने-आण सामायिक फोल्डरमधून. जुना संगणक अजून सुरू होत असेल, तर त्याची अख्खी हार्ड डिस्क व्हर्च्युअल डिस्क म्हणून उतरवून घेता येते. विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करायला सांगेल, पण फाँट आणि सेटिंग्ज जशाच्या तशा मिळतील. हे काम डिस्क कुरकुरायला लागायच्या आत करायला हवं.

पेजमेकरच्या फाईली इनडिझाईनमध्ये उघडण्याची एक वाट होती. ती २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपर्यंतच. पुढच्या आवृत्त्यांनी ती बंद केली. मॅकवाल्यांची वाट त्याहून आधी संपली, कारण मॅकच्या नव्या प्रणालीसाठी, मॅक ओएस एक्ससाठी, पेजमेकर कधी आलंच नाही, आणि जुने प्रोग्राम तिच्यात चालवणारी 'क्लासिक' ही सोय तिच्या २००७ च्या लेपर्ड आवृत्तीत निघून गेली.

(दृश्य : डावीकडे जुनं पान, उजवीकडे तोच मजकूर युनिकोडमध्ये.)

फाईल उघडली, पान दिसलं. आता मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. कन्व्हर्टर आहेत, आणि चांगले आहेत. पण जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'स्थिती' लिहिताना जुन्या फाइलीत पहिली वेलांटी आधी येते, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये ती थ च्या नंतर हवी. 'सूर्य'मधला रफार जुन्या फाइलीत य च्या नंतर, युनिकोडमध्ये र आधी. कन्व्हर्टरला ही उलटापालट प्रत्येक शब्दात करावी लागते. 'वाऱ्यावर', 'दऱ्या' यांतला र आणि तीन-तीन व्यंजनांची जोडाक्षरं इथे तो हमखास अडखळतो. कधी ऑपरेटरनेच एखादं अक्षर दोन तुकडे जवळ सरकवून जुळवलेलं असतं. कागदावर ते सुबक दिसतं, पण कन्व्हर्टरच्या हाती नुसते सुटे तुकडे लागतात.

म्हणून मजकूर बदलून झाला की एक्सपी पुसून टाकायची घाई करू नये. आधी पेजमेकरमधूनच प्रत्येक पानाची पीएस (पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे छपाईची) फाईल काढून पीडीएफ करून घ्यावी, मूळ फाँटसकट. मग ती पीडीएफ आणि नवा मजकूर शेजारीशेजारी ठेवून एखाद्या जाणत्या मुद्रितशोधकाने ओळ न् ओळ वाचावी. शंका आली तर मूळ फाईल पुन्हा उघडावी, त्या अक्षरावर कर्सर न्यावा, आणि तिथे नेमके किती तुकडे आहेत ते मोजून बघावं.