रेवदंड्याचा स्तंभ आणि एक घोडा

श्रोतेहो, नमस्कार. अलिबागहून मुरुडच्या वाटेला लागलात की चौल मागे पडतं आणि रेवदंडा येतं. तिथे एका शाळेच्या आवारात काळ्या दगडाचा स्तंभ उभा आहे. कुणाचा? रशियातल्या त्वेर गावच्या अफनासी निकितिन नावाच्या व्यापाऱ्याचा. साधारण १४६९ साली तो चौल बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली. म्हणजे निकितिन त्याच्याही आधी, जवळजवळ तीस वर्षं आधी!

तेव्हा इथे बहमनी सुलतानांचं राज्य होतं आणि घोड्यांना मोठी मागणी होती. घोडे समुद्रावरून यायचे. निकितिननेही इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझ बंदरातून एक घोडा गलबतात घातला. जुन्नरपर्यंत आणायला शंभर रूबल पडले, असं त्याने आपल्या वहीत लिहून ठेवलंय.

चौलहून पाली, मग घाट चढून जुन्नर. तोवर पावसाळा लागला. चार महिने नुसतं पाणी आणि चिखल, म्हणतो तो. जुन्नरच्या पावसाला तो हिवाळा म्हणतो, बिचारा! इथे घोड्यांना हरभरे घालतात, खिचडी शिजवून साखर-तूप घालून चारतात, हेही त्याने टिपलं. (साखर घातलेली खिचडी घोड्यापुरतीच ठीक. आमच्याकडे काही घरांत माणसांनाही वाढतात. असो.)

तर जुन्नरचा सरदार असदखान. त्याला कळलं, हा मुसलमान नाही, रशियाचा आहे. झालं, घोडा जप्त! वर अट घातली. आमचा धर्म घे, घोडा परत देतो आणि हजार मोहरा वर देतो. नाही घेतलास, तर घोडाही गेला आणि हजार मोहरांचा दंडही तुझ्याच डोक्यावर. मुदत किती? चार दिवस. परका मुलूख, ओळखीचं कुणी नाही, आणि हातात चारच दिवस!

त्यात त्याचे उपवासाचे दिवस चालू होते. येशूचा सण तोंडावर आला आणि नेमका इराणकडच्या खोरासान प्रांताचा महंमद नावाचा एक गृहस्थ जुन्नरात आला. निकितिनने त्याचे पाय धरले. तो गृहस्थ खानाकडे गेला, रदबदली केली, धर्माची अट सोडवली आणि घोडाही सोडवून आणला. निकितिनने याला देवाचा चमत्कार म्हटलंय. मी म्हणेन, चमत्कार त्या महंमदाचा. स्वतः मुसलमान असून परधर्मीयासाठी खानाशी बोलायला गेला. रेवदंड्याला एक दगड त्याच्याही नावाचा हवा.

पुढे स्वारी बिदरला गेली, राजधानीला. तिथे घोडा विकला. पण गिऱ्हाईक मिळेपर्यंत वर्षभर त्याला पोसावं लागलं, खर्च ६८ नाणी. आपला माल इथे नाही, इथला आपल्याकडे खपणार नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त, अशी त्याची कुरकुर. परतताना दाभोळला जहाज धरलं, पण त्वेर काही गाठता आलं नाही. वाटेतल्या स्मोलेन्स्क शहराच्या अलीकडेच तो वारला. वही मात्र पोचली मॉस्कोला.