टीबीची गोळी आणि घरातली माणसं

मंडळी, टीबी झाला की माणसाला मिरजेच्या नाहीतर पाचगणीच्या सॅनेटोरियममध्ये धाडायचे, हे इथल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेलं असेल. १९५६ साली मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, बाकीच्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच. औषधं दोघांना सारखीच, वर्षभर. घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तेवढेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे जास्त लागणही झाली नाही. पुढे सॅनेटोरियमं ओस पडली आणि तिथल्या परिचारिकेचं काम घरावर आलं. म्हणून आज मी रुग्णांइतकंच त्यांच्या आयांशी, सुनांशी, नवऱ्यांशी बोलणार आहे.

सरकारी दवाखान्यातून मिळते त्या एका गोळीत चार औषधं असतात: रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड, इथाम्ब्युटॉल. गोळ्या किती, ते वजनावर ठरतं. ३५ ते ४९ किलोच्या माणसाला तीन, ५० ते ६४ किलोच्याला चार. शेजारच्याला तीन आणि मलाच चार का, म्हणून एक कमी करू नका. सगळ्या एकाच वेळी, रोज, उपाशीपोटी घ्यायच्या. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, कारण भरल्या पोटी रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड रक्तात कमी उतरतात.

इथे आपल्याकडे एक अडचण येते. ‘गोळ्या गरम पडतात’ म्हणून आई पेलाभर दूध देते, किंवा जळजळ होते म्हणून घरातली ॲसिडिटीची गोळी सोबत दिली जाते. दूध-तूप दिवसभरात जरूर द्या, टीबीच्या माणसाला ते हवंच आहे. फक्त गोळीबरोबर नको. ॲसिडिटीचं औषध डॉक्टरांना विचारूनच, आणि तेही दोन तासांच्या अंतराने. एवढं करूनही कुणाला उपाशीपोटी उमळून येत असेल, तर डॉक्टरांना सांगून थोडं हलकं खाऊन गोळी घेता येते. औषध सुटण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पहिल्याच दिवशी लघवी नारंगी होते. घाम, थुंकी, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे, रक्त नव्हे. भीती बाळगायची ती काविळीची, कारण यातली तीन औषधं यकृताला त्रास देऊ शकतात. लघवी आधीच रंगलेली, मग कावीळ ओळखायची कशी? डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात बघा. तो पिवळा दिसला, किंवा त्याआधीच भूक पार मेली, अन्नाचा वास नकोसा झाला, उलट्या थांबेनात, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा. माझी कळकळीची विनंती आहे, अशा वेळी काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे जाऊ नका. तिकडे दिवस जातात आणि इकडे टीबीच्या गोळ्या चालूच राहिल्या, तर माणूस दगावू शकतो. दवाखान्यात रक्त तपासतात, यकृत सावरेपर्यंत थांबतात आणि मग एकेक औषध वेगवेगळं सुरू करून दोषी कोण ते शोधतात. उपचार पूर्ण होतात. दारू मात्र या सहा महिन्यांत अजिबात नको, ‘थोडीशी’सुद्धा नको.

नजर धूसर झाली, लाल आणि हिरव्यातला फरक कळेना, तर तो इथाम्ब्युटॉलचा इशारा आहे. हेही थांबण्यासारखं नाही, लगेच दाखवा. तळपायांना मुंग्या येतात त्या आयसोनियाझिडने. त्यासाठी पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी-६ची गोळी असते. मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ती आवर्जून मागून घ्यावी. सांधे दुखले तर सांगा, त्यावर इलाज आहे.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम बोलतो, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवू नका. निरोध किंवा तांबी याबद्दल आशाताईंशी बोला. साखरेच्या, फिटच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचा जोरही याने कमी होतो. तेव्हा घरातली सगळी औषधं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा.

गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली, तर घ्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. काही दिवस खंड पडला असेल, तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. खंडानंतर रिफाम्पिसिन घेतल्यावर क्वचित थंडी-ताप येतो, मूत्रपिंडांवरही ताण येऊ शकतो. खंड पडला हे सांगायला लाजू नका. रागावणारा डॉक्टर भेटला तरीही सांगा.

दोन-तीन आठवड्यांत खोकला कमी होतो, वजन वाढू लागतं, आणि गावोगाव औषध सुटतं ते इथेच. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, हा हिशोब उरलेल्या चिवट जंतूंसाठी आहे. याच काळात घरच्यांनी जवळ बसून गोळी द्यावी. नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिना १००० रुपये मिळतात. बँक खातं जोडलंय का ते विचारा. अडचण आली तर १८००-११-६६६६ हा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. आणि उपचार संपले तरी दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणीला यायचं आहे. त्या तारखा आजच दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.