धुराचा माग काढणारा शास्त्रज्ञ

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की विदर्भात पऱ्हाटी उपटायची लगबग. काही बांधावरच पेटवली जाते, काही बैलबंडीतून घरी येते आणि तुराट्यांच्या जोडीनं चुलीत जाते. टिनाच्या छपराखालून निघणारा तो धूर पुढे कुठं जातो?

वीरभद्रन रामनाथन या शास्त्रज्ञानं त्याचा माग काढला. सुरुवात मात्र फ्रिजपासून झाली. तमिळनाडूत इंजिनीअर होऊन ते सिकंदराबादच्या फ्रिज कारखान्यात लागले. काम काय, तर आतला वायू का गळतो ते शोधायचं! कंटाळून पुढे शिकायला गेले, अमेरिकेत पोचले. आणि १९७५ मध्ये नाव झालं ते त्याच जातीच्या वायूंमुळे. फ्रिजमधल्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजारांहून जास्त रेणूंइतकी उष्णता अडवतो, हे त्यांनी दाखवलं. १९८० मध्ये हवामानशास्त्रज्ञ रोलंड मॅडन यांच्यासोबत सांगितलं, तापमानवाढ २००० सालापर्यंत मोजमापात दिसेल. दिसली.

१९९९ मध्ये हवेतलं प्रदूषण मोजायला रामनाथन यांच्या मोहिमेची मालदीवहून विमानं उडाली, जहाजं निघाली. हिंदी महासागरावर तपकिरी धुरकट थर पसरलेला होता. त्यात डिझेलची काजळी होती, तशीच चुलीची आणि जाळलेल्या काडीकचऱ्याचीही. ही काजळी वर हवा तापवते, खाली ऊन अडवते. त्यानं मान्सूनही बिघडतो, असं रामनाथन यांचं म्हणणं. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही.

पण काजळी हवेत फार तर काही आठवडे टिकते. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं. म्हणजे धूर थांबवला, तर फरक लवकर पडेल.

२०१४ मध्ये व्हॅटिकनच्या वाहनतळावर पोप फ्रान्सिस यांना दोन-तीन वाक्यांतच काय ते सांगायचं होतं. रामनाथन म्हणाले, प्रदूषण मुख्यतः श्रीमंत शंभर कोटींचं, झळ गरीब तीनशे कोटींना.

त्याआधीच चुलीचा धूर कमी करायचा त्यांचा ‘सूर्या’ प्रकल्प उत्तर प्रदेशातल्या चुलींपर्यंत पोचला होता. वर्ध्याच्या मगनवाडीला, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या केंद्राला, यात नवल वाटू नये. बिनधुराची ‘मगन चूल’ तिथलीच. मग घरोघरी धूर का? पऱ्हाटी फुकट मिळते, सिलिंडरला रोख लागते. रामनाथन यांच्या गटानं हे ओळखलं. ओडिशात सुधारित चुलीला सेन्सर लावले, चूल किती पेटली ते मोबाइलवरून मोजलं आणि तेवढे पैसे थेट बाईला दिले.