कॅमेऱ्याची नोटीस कशी वाचावी

नमस्कार मंडळी. दंड चुकवायच्या युक्त्या मी आज सांगणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्या आशेने कुणी आलं असेल तर मागचं दार उघडं आहे.

स्पीड कॅमेऱ्याकडून येणाऱ्या बहुतेक नोटिसा बरोबर असतात. गाडी जोरात होती, कॅमेऱ्याने टिपली, पैसे भरायचे, विषय संपला. मला बोलायचंय ते उरलेल्या थोड्या नोटिसांबद्दल. त्या वेगळ्या काढायच्या तर आधी नोटीस म्हणजे काय हे नीट पाहायला हवं. आपण तिच्यातला एकच आकडा वाचतो, भरायच्या रकमेचा. प्रत्यक्षात त्या एका कागदावर पाच-सहा वेगवेगळे दावे असतात. ही गाडी तुमची आहे. ती अमुक ठिकाणी होती. अमुक वेळी होती. तिथे वेगमर्यादा इतकी होती. गाडीचा वेग इतका होता. आणि हे सगळं सांगणाऱ्याला ते सांगायचा अधिकार आहे. प्रत्येक दावा स्वतंत्र तपासायचा असतो, आणि एक जरी कोसळला तरी दंड उभा राहणं अवघड.

आपण भांडतो मात्र नेमके वेगावर. ‘मी एवढ्या जोरात नव्हतोच.’ असेलही. पण तीन आठवड्यांपूर्वीचा आठवणीतला वेग पुरावा म्हणून कुणी धरत नाही. म्हणून मी उलट्या टोकाने सुरू करतो.

पहिला प्रश्न, नोटीस आली कुठून? मोबाइलवर मेसेज येतो, ‘तुमचा दंड थकला आहे, आज रात्रीपर्यंत भरा, नाहीतर परवाना रद्द’, आणि खाली लिंक. कधी एखादी ॲपची फाइल जोडलेली असते. त्या लिंकला हात लावायचा नाही, फाइल उघडायची नाही. वाहतूक खात्याच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करायचा आणि तिथे नोटिशीचा क्रमांक किंवा गाडीचा नंबर घालून पाहायचं. नोंद तिथे नसेल तर त्या मेसेजला उत्तरही देऊ नये. छापील पत्रावरच्या क्यूआर कोडलाही हाच नियम. घाई करायला लावणं हे फसवणाऱ्याचं हत्यार आहे. सरकारी कारभार कुठेही असो, तो रात्री बारापर्यंतची मुदत सहसा देत नाही. एवढा वेगवान तो कुठेच नसतो.

नोटीस खरी आहे असं ठरलं की फोटो मागवा. बऱ्याच ठिकाणी तो संकेतस्थळावरच दिसतो. नसेल तर लेखी मागा. फोटो हाती आला की वेगाचा आकडा बोटाने झाका आणि फक्त गाडी बघा. मेक तीच का, रंग तोच का, आरशाखालचा ओरखडा, मागच्या काचेवरचं स्टिकर, टपावरचा कॅरियर? नंबर वाचण्याचं काम आता बहुधा संगणक करतो, आणि तो अक्षरं वाचतो, गाडी ओळखत नाही. शून्य आणि ओ, आठ आणि बी, एक आणि आय यांत त्याची गल्लत होते. ब्रिटनमधली २०२१ सालची एक हकिगत तर मासलेवाईक आहे. बाथ शहरात बसच्या राखीव मार्गिकेवरच्या कॅमेऱ्याने रस्त्याने चालत जाणाऱ्या एका बाईंच्या टी-शर्टवरचा ‘निटर’ (KNITTER, म्हणजे विणणारी) हा शब्द नंबर प्लेट म्हणून वाचला. खांद्यावरच्या पिशवीच्या पट्ट्याने मधली अक्षरं थोडी झाकली होती. दंड गेला कितीतरी दूर राहणाऱ्या एका गाडीमालकाला. तो कॅमेरा वेगाचा नव्हता, पण नंबर वाचायची रीत तीच. त्या फोटोत गाडीच नव्हती, आणि तरी नोटीस निघाली. तेव्हा फोटो बघणं हा उपचार समजू नका.

फोटोतली गाडी हुबेहूब तुमच्यासारखी आहे पण तुमची नाही, असंही होतं. कुणीतरी तुमचा नंबर आपल्या गाडीवर लावलेला असतो. हे प्रकरण फक्त दंडाच्या कार्यालयाशी मिटवू नये. पोलिसांत तक्रार द्या, आणि त्या वेळी तुमची गाडी दुसरीकडे होती हे दाखवणारं जे असेल ते गोळा करा: पार्किंगची पावती, टोलची नोंद, सर्व्हिस सेंटरचं बिल. गाडी विकलेली असेल तर विक्रीचा कागद आणि नावबदलाची तारीख. यात माणसं हयगय करतात. गाडी दिली, पैसे घेतले, नाव मात्र तसंच. मग दोन वर्षं नोटिसा येत राहतात आणि कॅमेऱ्याला शिव्या बसतात. कॅमेऱ्याचा त्यात काय दोष?

ठिकाण, वेळ आणि मर्यादा यांबद्दल थोडक्यात सांगतो. नोटिशीत रस्ता, दिशा आणि नेमकी जागा हवी. दिशा विशेष बघा, कारण एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना वेगळी मर्यादा असू शकते. काम चालू असताना मर्यादा तात्पुरती खाली आणलेली असते, तेव्हा ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होती याचा आदेश असतो. तो मागता येतो. फलक झाडीत लपला होता असं म्हणायचं असेल तर त्याच आठवड्यात जाऊन फोटो काढा. पावसाळ्यानंतर फांद्या छाटल्या गेल्या की सांगण्यासारखं काही उरत नाही.

आता वेग. या भागात मला स्वतःला सगळ्यात जास्त रस आहे, तर थोडं सहन करा. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांमध्ये गाजलेलं एक नाव आहे गॅट्सो. त्याचे जनक मौस गॅट्सोनिडेस हे डच रॅलीचालक, १९५३ सालच्या माँटे कार्लो रॅलीचे विजेते. वळणावर आपली गाडी किती जोरात जाते हे मोजून आणखी जोरात जाता यावं, म्हणून त्यांनी वेग मोजायच्या यंत्रात डोकं घातलं. पुढे जगभर त्याच यंत्राने लोकांना दंड व्हावा, हा न्याय त्यांचा त्यांनाच ठाऊक!

रडार लहरी सोडतं. धावत्या गाडीवरून त्या परततात तेव्हा त्यांची वारंवारिता बदललेली असते. रडार २४ गिगाहर्ट्‌झचं असेल आणि गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने सरळ समोरून येत असेल, तर फरक पडतो सुमारे साडेचार हजार हर्ट्‌झचा. हा फरक यंत्र फार अचूक मोजतं आणि त्यावरून वेग काढतं. म्हणून ‘रडार चुकलं’ असं मोघम म्हणणाऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही. चूक शोधायची ती यंत्र कसं उभं केलं त्यात. रडार रस्त्याच्या कडेला असतं, गाडीकडे तिरकं बघतं, आणि तिरकं बघितलं की वेग खऱ्यापेक्षा कमी भरतो. वीस अंशांच्या कोनातून १०० चे ९४ दिसतात. ही तूट भरून काढायला काही यंत्रं ठरावीक कोन गृहीत धरतात आणि आकडा वर नेऊन छापतात. गोम इथे आहे. यंत्र समजतंय आपण वीस अंशांवर आहोत, आणि लावणाऱ्याने ते पंधरावर उभं केलंय. मग १०० ने जाणाऱ्या गाडीचे जवळपास १०३ लागतात. वळणावरच्या यंत्राबाबत ही शंका अधिक रास्त, कारण तिथे गाडीची दिशाच क्षणाक्षणाला बदलते. अर्थात मर्यादा ६० आणि नोटिशीवर ९५ असेल, तर कोनाचं गणित घेऊन भांडायला जाऊ नका. तीन टक्के तुम्हाला वाचवणार नाहीत.

लेझरचं तत्त्व वेगळं. प्रकाशाचे ठोके गाडीवर आपटून परत येतात, जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर कळतं, आणि अंतर किती झपाट्याने बदललं त्यावरून वेग. ३०० मीटरवरच्या गाडीपर्यंत प्रकाश जाऊन यायला फक्त २ मायक्रोसेकंद लागतात. नेम धरणाऱ्याचा हात हलला आणि किरण गाडीच्या अंगावरून सरकला, तर गाडी सरकल्याचा भास होऊ शकतो. यंत्रं अशी मोजणी बहुधा स्वतःच बाद करतात. रस्त्यात बसवलेल्या संवेदकांचाही घोटाळा होतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या वेस्टर्न रिंग रोडवर २००३ साली एका जुन्या डॅटसन गाडीला ताशी १५८ किलोमीटरची नोटीस आली. चाचणीत दिसलं की त्या बिचारीला तेवढं धावणं जमतच नाही. पुढे तिथले कॅमेरे बंद झाले आणि लोकांना दंड परत मिळाले. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण सुरुवात झाली ती एका गाडीमालकाने ‘हे शक्यच नाही’ म्हणून हट्ट धरल्यामुळे.

काही कॅमेरे ठरावीक अंतराने दोन फोटो घेतात. तुमच्या नोटिशीत तसे दोन असतील तर तुमच्या हाती सोनं आहे. रस्त्यावरच्या पांढऱ्या खुणांमधलं अंतर माहीत करून घ्या आणि दोन फोटोंत गाडी किती सरकली ते मोजा. मोजताना चाक जिथे जमिनीला टेकतं तोच बिंदू धरा, टप किंवा दिवा धरलात तर कॅमेऱ्याच्या तिरक्या नजरेमुळे फसाल. समजा फोटोंत अर्ध्या सेकंदाचं अंतर आहे आणि गाडी १२ मीटर सरकली. म्हणजे सेकंदाला २४ मीटर, ताशी ८६ किलोमीटर. नोटीस १०५ म्हणत असेल तर तुमच्याकडे आता बोलण्यासारखं काहीतरी आहे. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये २०१२ साली सिग्नलला थांबलेल्या गाडीला पंचवीसच्या मर्यादेत ताशी ३८ मैलांचा दंड आला होता. गाडी दोन्ही फोटोंत एकाच जागी, मागचे लाल दिवे लागलेले. कार्यालयातल्या तपासणीतून तो कागद बाहेर पडला होता! पुढच्याच वर्षी शहराने ते कॅमेरे बंद केले.

दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजणारी पद्धत साधी दिसते, अंतर भागिले वेळ. ६ किलोमीटर ४ मिनिटांत, म्हणजे ताशी ९०. पण दोन घड्याळांत १० सेकंदांचा फरक पडला की त्याच ९० चे ९४ होतात. तिथे अंतराचा दाखला आणि घड्याळं जुळवल्याची नोंद, या दोन गोष्टी मागायच्या.

यंत्र कुठलंही असो, त्याची अचूकता तपासल्याचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावर दोन गोष्टी बघा. यंत्राचा अनुक्रमांक नोटिशीतल्या क्रमांकाशी जुळतो का, आणि मोजणीच्या दिवशी प्रमाणपत्र चालू होतं का. आज चालू असून उपयोग नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं की प्रकरणाच्या फाइलमध्ये नसलेली पण दंड करणाऱ्या खात्याकडे असलेली मोजणीची माहितीसुद्धा वाहनचालकाला मागता येते. त्याच देशात मोजलेल्या वेगातून ठरावीक वजावट करतात, १०० पर्यंत ३ किलोमीटर आणि त्यापुढे ३ टक्के. ब्रिटनमध्ये ‘दहा टक्के अधिक दोन’, म्हणजे मर्यादेवर दहा टक्के आणि वर दोन मैलांची सूट, असं लोक हक्काने म्हणतात, पण ते पोलिसांसाठीचं मार्गदर्शन आहे, चालकाचा अधिकार नव्हे. तुमच्या ठिकाणी वजावट कायद्याने आहे की केवळ सवयीने, हे भांडण्याआधी माहीत हवं.

मग येतो काळ. नोटीस ठरावीक दिवसांत निघावी असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. ब्रिटनमध्ये ती नोंदणीकृत मालकाला १४ दिवसांत पोचावी लागते. भारतात २०२१ साली आलेल्या नियमाने १५ दिवसांत पाठवायला सांगितलं. मुदती बदलत राहतात, म्हणून त्या दिवशी लागू असलेला नियम वाचा. पाकीट फेकू नका, त्यावरची तारीख कामाची असते. आणि तुमची स्वतःची मुदतही धावते आहे हे विसरू नका. शंका असताना ‘आधी भरून टाकू, मग बघू’ असंही करू नका. अनेक ठिकाणी पैसे भरले की गुन्हा मान्य केला असं धरतात.

गाडी दुसरं कुणी चालवत असेल तर त्याचं खरं नाव द्या. खरंच. मार्कस आइनफेल्ड हे ऑस्ट्रेलियातले नामवंत माजी न्यायाधीश. २००६ साली त्यांना मर्यादेपेक्षा १० किलोमीटर जास्त वेगासाठी ७७ डॉलरचा दंड आला. त्यांनी न्यायालयात सांगितलं की गाडी एक मैत्रीण चालवत होती. त्या बाई तीन वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. दंड तेवढ्यापुरता सुटला. मग एका पत्रकाराने चौकशी केली, खोटं झाकायला आणखी खोटं आलं, आणि २००९ साली आइनफेल्ड तुरुंगात गेले. कायदा कोळून प्यायलेला माणूस, आणि अडकला ७७ डॉलरपायी. तेव्हा हरकत घ्या, पण तुम्हाला ठाऊक असलेलंच लिहा.

हरकतीचा अर्ज एका पानाचा असावा. नोटीस क्रमांक, तारीख, कोणता दावा मान्य नाही, कशामुळे, सोबत काय जोडलंय. संताप नको, कॅमेरे म्हणजे लूट आहे वगैरे तर अजिबात नको, वाचणाऱ्याने ते त्या दिवसात दहादा वाचलेलं असतं. तीन मुद्दे कच्चे लिहिण्यापेक्षा एक पक्का लिहा. अर्जाची पोच घ्या. तपासून सगळं बरोबर निघालं तर मुदतीच्या आत भरून टाका, कारण काही ठिकाणी लवकर भरणाऱ्याला सूट असते आणि उशिराला वर भुर्दंड. भरल्यावर आठवड्याने संकेतस्थळावर पुन्हा एकदा बघा, नोंद मिटली आहे का. मिटली नसेल तर पावतीचा क्रमांक घालून लगेच कळवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. कुणी नोटीस बरोबर आणली असेल तर आधी फोटो दाखवा, रक्कम नंतर.