कीबोर्ड, कॉम्प्युटर आणि कुकरच्या शिट्ट्या

श्रोतेहो, नमस्कार.

घरी कीबोर्ड वाजवणाऱ्याला रेकॉर्डिंग करावंसं वाटलं, की तो मोबाइल स्पीकरसमोर ठेवतो आणि वाजवायला बसतो. मीही वर्षभर हेच केलं. ऐकायला गेलो, तर यमनच्या आलापीत शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या, पंख्याची घरघर आणि पट्ट्यांची खडखड!

अहो, आवाज खोलीत सोडायचाच कशाला? कीबोर्डच्या मागे लाइन आउट नावाचं आवाज बाहेर काढायचं भोक असतं, नाहीतर हेडफोनची जागा असतेच. तिथून वायर काढायची. फक्त ती लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसू नका. ते माइकच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं आणि बहुतेक वेळा मोनो असतं. कीबोर्डचा दणदणीत सिग्नल तिथे शिरला की आवाज फाटतो. मधे ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी डबी लावा आणि ती यूएसबीने कॉम्प्युटरला जोडा. मग तुकड्यातली सगळ्यात जोरकस जागा आधी वाजवून बघा. कॉम्प्युटरवरचा आवाजाचा मीटर उणे 6 डेसिबलच्या आसपास थांबला, की पुष्कळ झालं.

मला स्वतःला दुसरी वाट जास्त आवडते. मिडीची. 1983 साली ही पद्धत बाजारात आली. जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांचा त्यात पुढाकार होता. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत, एवढाच हेतू. मिडीत आवाज नसतोच मुळी. कोणती पट्टी दाबली, 1 ते 127 पैकी किती जोराने, कधी सोडली, पेडल कधी पडलं, एवढीच नोंद. त्याच यमनमध्ये घाईत माझा एके ठिकाणी शुद्ध मध्यम लागला होता. माउसने तो एक घर वर सरकवला, तीव्र झाला. काहींना ही लबाडी वाटते. वाटो. ताल चौकटीत बसवणारं क्वांटाइझचं बटण मात्र मी दाबत नाही. दादऱ्यातला झोल त्यात पार इस्त्री होऊन जातो.

मिडीच्या नोंदीवरून आवाज काढतो तो कॉम्प्युटरमधला पियानो. तो वाजवताना बोट आधी आणि सूर मागून, असं झालं तर बफर बघा, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती नमुने हाताळतो तो आकडा. 44,100 च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला तेवढे नमुने असताना, 1024 चा बफर म्हणजे साधारण 23 मिलिसेकंद, आणि बाकीचा उशीर वेगळाच. 128 केलात तर तेच 3 च्या आत येतं. फार कमी केलात, तर जुना कॉम्प्युटर तडतडायला लागतो.

आणि प्रत्येक सूर दोनदा ऐकू येत असेल, तर कीबोर्डचं ‘लोकल कंट्रोल’, म्हणजे पट्टी दाबली की त्याचा स्वतःचा आवाज काढणारी सोय, बंद करा. एक सूर कीबोर्डचा, दुसरा कॉम्प्युटरचा, म्हणून ते होतं. मी बंद केलं. संध्याकाळी कॉम्प्युटर मिटून सहज वाजवायला बसलो, तर कीबोर्ड मुका. मी रिक्षा बोलावली होती हो, दुरुस्तीला न्यायला.