बाहुली ज्याची, तामाले त्याचे

नमस्कार श्रोते हो! उद्या ६ जानेवारी. तुमच्यापैकी कुणी उद्या गोव्यात असाल तर वेरें गावच्या रेइश मागूश चर्चकडे चक्कर मारा, तिथे तीन राजांचं फेस्त असतं, तीन मुलगे मुकुट-झगे घालून घोड्यावरून येतात, कासावलीला आणि चांदरलाही असतं. बाळ येशूला भेटवस्तू घेऊन आलेले तीन राजे, त्यांचा हा दिवस. पण मी आज सांगणारे ते मेक्सिकोमधल्या ह्याच दिवसाबद्दल, कारण मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं पुएब्ला शहरात होतो, आणि तिथल्या एका ६ जानेवारीनं मला २ फेब्रुवारीपर्यंत कामाला लावलं होतं.

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे गोष्ट नीट कळेल. आपल्याला वाटतं ख्रिसमस म्हणजे २५ डिसेंबर, झाडाला दिवे, केक, संपलं. मेक्सिकोत तसं नाही. तिथे १२ डिसेंबरला ग्वादालुपे मातेचा दिवस, मग १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री पोसादा, मग नाताळची रात्र, मग ३१ ला बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खायची, मग ६ जानेवारीला राजे, आणि शेवट २ फेब्रुवारीला कांदेलारिया, म्हणजे मेणबत्त्यांचा सण. म्हणजे नाताळनंतर चाळीस दिवसांनी. हे दोन दिवस लक्षात ठेवा, ६ जानेवारी आणि २ फेब्रुवारी, आजची गोष्ट ह्या दोघांच्या मधली आहे.

पोसादा म्हणजे आसरा, उतरायची जागा. मारिया आणि जोसेफ बेथलेहेममध्ये दारोदार जागा मागत फिरले ना, तेच ह्या नऊ रात्री गल्लीत करायचं. अर्धी मंडळी हातात मेणबत्त्या घेऊन दाराबाहेर, अर्धी आत. बाहेरचे गाऊन जागा मागतात, आतले गाऊनच नाही म्हणतात, असं बराच वेळ चालतं आणि मग दार उघडतं. ह्याची सुरुवात मेक्सिको सिटीजवळच्या आकोल्मान गावची सांगतात, तिथल्या दिएगो दे सोरिया नावाच्या धर्मगुरूंनी १५८७ मध्ये पोपकडून ह्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांची परवानगी मिळवली. त्या आधीही तिथल्या मूळच्या आस्तेक लोकांचा उइत्सिलोपोच्त्ली देवाचा उत्सव साधारण ह्याच दिवसांत असायचा, तर लोकांना थंडीत एकत्र जमायची सवय होतीच.

दार उघडलं की पिन्याता. सात टोकांची कागदी चांदणी, टोकं म्हणजे सात पापं, पोटात मातीचं मडकं, डोळ्याला पट्टी बांधून काठीनं फोडायची. आतून शेंगा, संत्री, उसाचे करवे पडतात. हल्ली मडकं नसलेली नुसत्या कागदाची पण मिळते, पोरांना लागू नये म्हणून, पण मला विचाराल तर मडकं फुटल्याचा जो आवाज येतो ना त्याची सर कागदाला नाही, दहीहंडीला कुणी प्लास्टिकची हंडी बांधली तर चालेल का आपल्याला?

आणि मोठ्यांना गरम पोंचे. ह्यात काय काय पडतं ऐका, पेरू, उसाचे तुकडे, चिंच, दालचिनी, अंबाडीच्या जातीतली लाल फुलं, गूळ, आणि तेखोकोते नावाचं बोराएवढं पिवळं फळ. तेखोकोते सोडलं तर सगळं आपल्या मंडईत मिळतं. पहिल्यांदा प्यायले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, पुण्यापासून इतक्या लांब, आणि पेल्यातून पेरू, चिंच आणि गुळाचा वास!

बरं, आता ६ जानेवारी. ५ च्या रात्री मुलं आपले बूट दाराशी ठेवून झोपतात, राजे येऊन त्यात खेळणी ठेवणार. कुणी राजांना पत्र लिहून फुग्याला बांधून सोडतं. आणि तिथल्या येशूजन्माच्या देखाव्यात तीन राजांपैकी एकाला घोडा, एकाला उंट आणि एकाला चक्क हत्ती असतो! तर ६ च्या संध्याकाळी रोस्का. रोस्का म्हणजे लंबगोल कड्यासारखा गोड पाव, वरून साखरेचे पट्टे आणि फळांच्या वड्या. पूर्वी त्यावर बिझनागा नावाच्या निवडुंगाचा मुरंबा लावायचे, पण तो निवडुंग फार हळू वाढतो आणि संपत चालला म्हणून त्याची विक्री आता बेकायदा आहे, त्याऐवजी पेरूची वडी लावतात. आपल्या गोव्यातली पेराद, अगदी तीच. आणि बरोबर घुसळून फेस आणलेलं गरम चॉकलेट. एक गोष्ट मला फार आवडली, रोस्का एक माणूस कापून सगळ्यांना वाटत नाही, ज्यानं त्यानं सुरी घेऊन आपला तुकडा आपण कापायचा. आपल्याकडे वाढदिवसाला एकच जण केक कापतो आणि बाकीचे फोन धरून उभे, मला नाही पटत ते, असो.

सगळ्यांनी आपापलं कापायचं, कारण आत बाहुल्या असतात. बोटाच्या पेराएवढं पांढरं प्लास्टिकचं बाळ, म्हणजे लपवलेला बाळ येशू. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्यानं २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले खायला घालायचे. पुन्हा सांगते, ६ जानेवारीला बाहुली, २ फेब्रुवारीला तामाले. आपल्या भिशीत चिठ्ठी निघते ना, तसंच.

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, खाली घरमालकीण आजी, सत्तरीच्या. सगळी गल्ली त्यांना अबुएलिता म्हणायची, म्हणजे आजीच, म्हणून मीही आजीच म्हणते. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे आम्ही चौदा जण. मी सुरी घातली आणि काहीतरी कडक लागलं, मला वाटलं खडा. बघते तर बाळ! सगळे टेबलावर हात आपटून ओरडायला लागले, तामाले, तामाले! आजींचा नातू माझ्या कानात म्हणाला, खिशात टाका, कुणी बघितलं नाही. लोक टाकतात म्हणे, काही जण तर तोंडात लपवतात. मी नाही टाकलं. मला आनंद झाला होता हो, परक्या गावात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडून काहीतरी मागत होतं.

मग प्रश्न आला. तामाले म्हणजे मक्याचं पीठ, त्यात सारण, मक्याच्या कणसाच्या सालात गुंडाळून वाफवलेलं, आपली पानगी आणि मोदक ह्यांच्या मधलं काहीतरी. ओआहाका नावाच्या राज्यात तर केळीच्याच पानात करतात. पण पिठात डुकराची चरबी घालतात आणि आम्ही शाकाहारी. मी म्हणलं, आजी, विकत आणू का? त्या म्हणाल्या, आण की, पुष्कळ जण आणतात. आणि जराशानं म्हणाल्या, पण तू खाशील का विकतचे? तिथेच ठरलं, घरी करायचे, चरबीऐवजी लोणी आणि तेल.

१ फेब्रुवारीला पहाटे आजी मला गिरणीत घेऊन गेल्या. तिथे मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, खायचा चुना, पानाला लावतो तो. साल सुटतं, मग ओलाच दळतात, आणि ह्या चुन्यामुळे मका अंगी लागतो. हजारो वर्षांपासून चाललंय हे. आपल्याकडे मका म्हणजे पावसात भाजलेलं कणीस आणि थिएटरातले पॉपकॉर्न, फार अन्याय करतो आपण मक्यावर.

तर ते पीठ आणि लोणी हातानं फेटायचं. किती? ग्लासभर पाण्यात पिठाची गोळी टाकायची, तरंगली तर झालं, बुडली तर अजून फेटा. माझी दोनदा बुडली. पाऊण तासानं तरंगली तेव्हा आजींनी तो ग्लास उचलून खिडकीतून शेजारणीला दाखवला! सारण दोन तऱ्हांचं, मिरच्यांच्या पट्ट्या आणि चीज, आणि दुसरे गोड, गुलाबी, बेदाणे घातलेले.

भरायला आजींच्या दोन मुली आल्या. ह्या दोघी नाताळपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या, कशावरून ते मला माहीत, पण ते इथे नको. एक सालावर पीठ पसरायची, दुसरी सारण भरायची, म्हणजे हातातून हातात द्यावंच लागणार, आणि दोघी माझ्यामार्फत देत होत्या! मोजले तेव्हा नव्वद भरले. मग भलंमोठं पातेलं, तळाला पाणी, वर जाळी, आणि आजींनी पदराच्या गाठीतून काढावं तसं ॲप्रनच्या खिशातून एक पेसोचं नाणं काढून पाण्यात टाकलं. पाणी उकळत असेपर्यंत नाणं तळाशी खुळखुळ वाजतं. आवाज थांबला की समजायचं, पाणी आटलं, गरम पाणी घाला. झाकण उघडून वाफ घालवायची गरजच नाही.

दीड तासानं उघडलं तर कच्चे. साल पिठाला चिकटलेलं. आता तिथे अशी समजूत आहे की घरात कुणी रागावलेलं असेल तर तामाले शिजत नाहीत. आजी गॅसकडे बघेनात, माझ्याकडे बघेनात, त्या नुसत्या दोन्ही मुलींकडे बघत उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरात कुणी बोलेना. आणि त्या शांततेत आजी म्हणाल्या, नाणं वाजत नाहीये. खरंच वाजत नव्हतं, किती वेळापासून ते कुणाला माहीत, पाणी पार आटलेलं. दोन्ही मुलींना वाटलं होतं दुसरी लक्ष ठेवतीये, आणि विचारणार कसं, बोलणंच बंद!

गरम पाणी ओतलं, नाणं परत खुळखुळायला लागलं. मग आजींनी सालाच्या दोन पट्ट्या फाडून दोघींच्या हातात दिल्या. राग उतरवायला पातेल्याच्या कानांना पट्ट्या बांधतात तिथे. मोठीनं डावा कान बांधला, धाकटीनं उजवा, आणि मोठी म्हणाली, घट्ट बांध, सुटेल. सव्वा महिन्यात ती पहिल्यांदा तिच्याशी बोलली. धाकटी म्हणाली, तुझीच सैल आहे. आणि मग जे काही हसायला लागल्या दोघी, आजी खुर्चीत बसून डोळे पुसत होत्या. अर्ध्या तासात नव्वदच्या नव्वद शिजले, साल हात लावताच सुटत होतं.

दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारीला, सकाळी आजी त्यांच्या देखाव्यातला बाळ येशू नवे कपडे घालून चर्चमध्ये घेऊन गेल्या. आपण बाळकृष्णाला टोपडं शिवतो तसे ह्या मूर्तींचे कपडे बाजारात मिळतात, मेक्सिको सिटीत तर तालावेरा नावाची गल्लीच त्यासाठी प्रसिद्ध आहे. कुणी बरोबर बियाणं नेतं, कुणी मेणबत्त्या, आशीर्वाद घ्यायला. आस्तेकांच्या काळी साधारण ह्याच सुमाराला पावसाच्या देवाचा, त्लालोकचा सण असायचा, आणि पेरणीचे दिवस पुढे असल्यावर मका देवासमोर जाणारच ना. संध्याकाळी चौदाचे तीस जण झाले आणि रात्री नऊला पातेलं रिकामं.

निघताना आजींनी मला ते नाणं दिलं. गेली सहा वर्षं ते माझ्या मोदकपात्रात आहे, आणि परवा, ७ तारखेला, त्यांच्याकडे सकाळ झाली की मी फोन करणारे, ह्या वर्षी बाळ कुणाला निघालं विचारायला. तुम्हाला करून बघायचं असेल तर कुठलंही स्टीलचं नाणं घ्या, घासून, उकळून घ्या, आणि मोदकपात्राच्या तळाशी टाका, जाळीच्या खाली हं, वर नाही. आणि उकडायला ठेवल्यावर मिक्सर लावू नका, आवाज ऐकू यायला हवा. नमस्कार!