भारी वाटतं, पण आपल्या घरात नको

(जपानमधल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

मला आज ‘जपानमधल्या करिअरच्या संधी’वर बोलायला सांगितलंय. समितीला वाटलं, बाई बँकेच्या आयटीत आहे, तेव्हा जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, सर्टिफिकेशन, व्हिसा असं काहीतरी कामाचं सांगेल. स्लाइड्स तयार होत्या. पण गेल्या रविवारी आमच्याकडे जेवताना जे रामायण झालं, त्यानंतर त्या उघडाव्याशाच वाटेनात.

लेक अकरावीत आहे. तिला डिझाइन शिकायचंय. नवरा म्हणाला, “छंद म्हणून कर की.” मी आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं, “आधी इंजिनीअर हो, मग काय हवं ते कर.” गावाहून आलेल्या सासूबाईंनी विचारलं, “म्हणजे रांगोळ्या काढणार का?” लेकीने आमटीची वाटी संपवली आणि म्हणाली, “तुम्हाला जपानमधलं सगळं भारी वाटतं. फक्त ते करणारं माणूस आपल्या घरात नको.” आणि ताट उचलून गेली.

आता बोला! कारण भारी वाटतं हे खरंच आहे. गावी गेलं की आपण काय करतो? सोफ्यावर बसून दोन तास जपान कसं नीटनेटकं यावर प्रवचन देतो. ऐकणारे कंटाळतात, पण आपण थांबत नाही.

सोमवारी तोक्योतल्या निशी कसाई स्टेशनच्या फलाटावर उभी होते आणि डोक्यात तेच वाक्य. तेवढ्यात ती धून वाजली. गाडी सुटताना वाजते ती. आपण ती ऐकली की फक्त पळतो. ती बांधलीय मिनोरू मुकाइया यांनी. ‘कॅसिओपिया’ बँडचे माजी कीबोर्डवादक. गाड्यांचं इतकं वेड की त्यांनी ट्रेन चालवायचे व्हिडिओ गेमही काढले. आपल्या मेट्रोच्या तोझाई लाइनच्या एकेका स्टेशनचे तुकडे जोडत गेलं की एक आख्खं गाणं तयार होतं. त्यांच्याही घरी कोणीतरी विचारलं असेल, कीबोर्ड वाजवतोस ते ठीक आहे, पण करतोस काय?

मग नजर खाली गेली. पिवळ्या फरश्या. लांब पट्ट्या असल्या की चालत राहा, ठिपके आले की थांब. हे काम ओकायामाच्या सेइइची मियाके यांचं. माणूस र्योकान चालवायचा, म्हणजे धंदा लॉजचा. ओळखीच्या एकाची दृष्टी जायला लागली म्हणून १९६५ साली त्यांनी ही फरशी तयार केली, आणि १९६७ मध्ये ओकायामातल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली. आता मुंबई-पुण्याच्या मेट्रोतही आहे. आपण तिच्यावर सुटकेसची चाकं खडखडवत नेतो आणि वैतागतो.

लेकीने मला सगळ्यात जास्त ऐकवलं ते केन्जी एकुआन यांच्याबद्दल. आपल्या प्रत्येकाच्या ओट्यावर ती लाल झाकणाची सोया सॉसची बाटली आहे ना? (चकलीच्या पिठात सोया सॉस घालणाऱ्या एक वहिनी इथे बसल्यात, त्यांच्याकडे दोन आहेत.) ती एकुआन यांची, १९६१ची. हिरोशिमाच्या बाँबने त्यांची बहीण गेली, वडीलही गेले. वडील बौद्ध मंदिराचे पुजारी होते. मुलानेही भिक्षूची दीक्षा घेतली. आणि मग, सगळं बेचिराख झालेलं पाहून आलेला हा मुलगा, माणसांना रोज हाताळायला चांगल्या वस्तू हव्यात म्हणून तोक्योच्या कला विद्यापीठात गेला. त्या बाटलीला तीन वर्षं लागली, शंभरच्या आसपास नमुने झाले. घरी गेल्यावर तिची चोच खालून बघा. आत तिरकी कापलीय, म्हणून शेवटचा थेंब बाहेर ओघळत नाही, परत जातो. आपल्या तेलाच्या बुधलीखाली कायम वर्तमानपत्र असायचं, आठवतंय? पुढे याच माणसाच्या संस्थेने यामाहाच्या मोटरसायकली केल्या, कोमाची नावाची शिन्कानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन केली, आणि जुनी नारिता एक्सप्रेससुद्धा. म्हणजे आपल्यातले जे आधी आले, ते विमानतळावरून त्यांच्याच गाडीत बसून आले.

इमोजींचं तर विचारूच नका. १९९९ साली दोकोमो या मोबाइल कंपनीसाठी ते १७६ इमोजी केले शिगेताका कुरिता यांनी, बारा बाय बाराच्या चौकटीत. शिक्षण अर्थशास्त्राचं. आपल्या फॅमिली ग्रुपवरचे हात जोडलेले गुड मॉर्निंग बघून त्यांना काय वाटेल कोण जाणे.

बघा, भिक्षू, लॉजवाला, कीबोर्डवाला, अर्थशास्त्रवाला. ‘आधी इंजिनीअर हो’वाला यात कोणी नाही. क्यूआर कोडवाले मासाहिरो हारा तेवढे इंजिनीअर आहेत. ते मी घरी दोनदा ऐकवलं. उपयोग झाला नाही.

आता थोडं आपल्याबद्दल, रागावू नका. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला आपण सगळे बसलोय. स्थिरचित्रातली ती किटली, संकल्पचित्राच्या पेपरला पोस्टर कलर सांडणं, निकालाला ए ग्रेड मिळाली की आईने शेजारी पेढे. आणि दहावी आली की रंगपेटी माळ्यावर. ज्या मंगल फॉन्टमध्ये आपण वर्षानुवर्षं मराठी टाइप केलं, तो करणारे र. कृ. जोशी आपलेच. जाहिरात क्षेत्रातून पवईच्या आयआयटीत शिकवायला गेले, कविताही लिहायचे. इथे किती जणांना नाव माहीत होतं, हात वर करा. बरं, राहू दे.

आपल्या मंडळात दोन मुली या क्षेत्रात काम करतात. त्यांना आपला फोन कधी येतो? गणपतीच्या चार दिवस आधी, रात्री अकराला. “अगं, तुला येतं ना ते, दहा मिनिटांत फ्लायर करून दे.” मग आपण त्यात अकरा नावं, चार फॉन्ट आणि प्रायोजकाचा फोटो घालायला लावतो. ढोलवाल्यांना पैसे देतो, मांडववाल्यांना देतो, तिला मोदक देतो. हे मीही केलंय, तेव्हा माझ्याकडे बघून हसू नका.

पण मंडळी, लेकीला मी अजून ‘हो’ म्हटलेलं नाही. मी सांगितली ती नावं गाजलेल्यांची आहेत. बाकी हजारो जण कंपन्यांत बसून वॉशिंग मशीनचं बटण दोन मिलिमीटर वर की खाली, यावर डोकं लावतात. त्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत. लहान स्टुडिओत शेवटची गाडी चुकेपर्यंत काम, आणि सुरुवातीचा पगार ऐकून नवऱ्याने चष्मा काढून पुसला. त्याआधी प्रवेश परीक्षा. त्यासाठीचे ते वेगळे क्लास, तासन्‌तास पेन्सिलीने देस्सान, म्हणजे रेखाटन, एकच पुठ्ठ्याचं खोकं आणि काचेचा ग्लास पुन्हा पुन्हा काढायचा. एवढं करून रोनिन, म्हणजे प्रवेश न मिळता पुढच्या परीक्षेची वाट बघत राहिली तर? आणि आम्ही मध्येच परत जायचं ठरवलं तर जपानी कॉलेजची ही पदवी घेऊन ती तिकडे काय करेल? याचं उत्तर माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्याकडेही नाही. तिला फक्त त्याची भीती वाटत नाही.

क्लासचा फॉर्म आमच्या फ्रिजवर मॅग्नेटने लावलाय. महिनाअखेर भरायचाय. तुमच्यापैकी कोणाची मुलं त्या वाटेने गेली असतील, तर चहाच्या वेळी मला जरा बाजूला घ्या. फी किती, आणि पोरं खरंच टिकतात का, एवढंच विचारायचंय.